टोप्यांत शिवलेलं नाटक

नाटक हरवलंय हे कळलं तो जानेवारीतला गुरुवार होता. आमच्या नाटकमंडळीची पेटी उघडली, तर ‘सायप्रसची राजकन्या’ची वही नव्हती. ईस्टरआधीचा लेंटचा उपवास लागायच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, ते राणीपुढे व्हायचं होतं. मालक म्हणाला, "हम्फ्री, वही आण, नाहीतर दुसरीकडे काम बघ." मी मंडळीचा लेखनिक, पण नवाच. ते नाटक मी वाचलंही नव्हतं.

शोधत क्लार्कनवेलला गेलो, दरबारातल्या नाटकांचे पोशाख शिवतात त्या शिवणघरात. तालमी तिथेच व्हायच्या. खिडकीशी एक मुलगी टोप्या शिवत होती.

"ते जुने कागद?" ती म्हणाली. "कापून, खळ लावून टोप्यांच्या आत घातले. ताठ राहतात. तुमची राजकन्या आता दुसऱ्या नाटकातल्या बारा तुर्कांच्या डोक्यावर बसलीय."

मी एक टोपी उसवून पाहिली; खळीत शाई पसरून गेली होती.

"रडू नका हो, लेखनिकबुवा. तालमीच्या वेळी मी इथेच शिवत होते. नटांना आपापलीच वाक्यं पाठ असतात, आणि त्यातले निम्मे तर मंडळी सोडून गेलेत. मला सगळ्यांची येतात."

तिचं नाव टॅमसिन. रोज दुपारी ती शिवता शिवता सांगायची, मी लिहायचो. राजकन्येचं खलाशाशी प्रेमाचं बोलणं आलं की ती मान वर करायची नाही... आणि माझ्या हातून शाई सांडायची.

"पुढे?"

"उद्या. दोरा संपला."

दोऱ्याचं भरलेलं रीळ तिच्या मांडीवरच असायचं.

चार अंक झाले. मंगळवार चार दिवसांवर आला, तरी पाचवा सुरू होईना.

"टॅमसिन, माझी नोकरी जाईल."

तिने सुई खाली ठेवली. "पाचवा मला येत नाही. त्या दिवशी बर्फ पडत होता — आम्हाला लवकर घरी सोडलं."

"मग आधीच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी आला असतात?"

"आलो असतो. टोपी घ्यायला."

"तुम्हाला टोपी शोभत नाही," ती म्हणाली. पण हसत होती.

मालकाने राणीपुढे दुसरंच नाटक नेलं आणि मला काढलं. ईस्टरनंतर आम्ही लग्न केलं. तेवीस वर्षं सुखात गेली. भांडण फक्त पाचव्या अंकावरून. राजकन्येने खलाशाशी लग्न करावं, असं तिचं म्हणणं. मी म्हणायचो, खलाशी बुडायला हवा.

"तुम्ही मेलात की मी माझ्या मनासारखं करीन," ती म्हणायची.

सप्टेंबरात टॅमसिन गेली. खलाशाला बुडवायचं नाही, एवढं मी ठरवलंय. पाचवा अंक अजून लिहायचा आहे.