बिनसहीचा अर्ज

मी नांदेडच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. १९८३च्या उन्हाळ्यात मी नाउरू बेटाचा इतिहास लिहीत होतो. प्रशांत महासागरातलं हे बेट एवढंसं, की आमची एसटी अर्ध्या तासात त्याला वळसा घालून येईल. तिथं आधी जर्मनांनी झेंडा रोवला, मग ऑस्ट्रेलियावाले आले, मधे जपान्यांनी हजारावर माणसं दुसऱ्या बेटावर हाकलून नेली. खरा डोळा होता पाखरांच्या विष्ठेपासून तिथल्या जमिनीत साठलेल्या खतावर. त्या खताचा शोधही कसा लागला? तिथून आणलेला एक दगड सिडनीतल्या कचेरीत दार आपटू नये म्हणून ठेवला होता. एका साहेबानं तो तपासून घेतला आणि बेटाचं वाटोळं झालं. जमीन खणून नेल्यावर तिथं उभे राहिले ते नुसते पांढरे सुळके.

१९६८ला बेट स्वतंत्र झालं, तरी खोदणं चालूच राहिलं. आता बेटवाले स्वतःच विकत होते. मला त्यांची किळस यायची. "वाडवडिलांची माती विकून खाणारे लोक," असं मी वर्गात म्हणायचो.

मार्चमध्ये थोरला भाऊ रेवणप्पा चाकूरहून कागद घेऊन आला. आदल्या ऑगस्टात लातूर वेगळा जिल्हा झाला होता. रस्त्यांना मुरूम हवा होता, आणि दुष्काळानं शेतात काही उरलं नव्हतं. आमच्या शेताच्या कडेचं टेकाड एका ठेकेदारानं मागितलं होतं.

त्या टेकाडावर आमची आई, गुरम्मा, आहे. आम्ही तिला अव्वा म्हणायचो. आम्ही लिंगायत माणसाला बसवून पुरतो. डाव्या तळव्यात त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतो, भोवती विभूती आणि मीठ भरतो.

"अव्वाची जागा?" मी विचारलं.

"ती सोडून खणतेत. सांगितलंय मी."

माझ्या पुस्तकातलं १९६८चं प्रकरण अर्धवट पडलं होतं. मी कागद न वाचताच हिरव्या शाईनं सही केली. ते पेन मी बीए झालो तेव्हा अव्वानं घेऊन दिलेलं. तिला स्वतःला सही येत नव्हती, ती अंगठा उठवायची. रेवणप्पानंही त्याच पेनानं सही केली आणि सवयीनं ते स्वतःच्या खिशाला लावून गेला.

मे महिन्यात मी गावी, चाकूरला, गेलो. एसटीतून उतरताच वास आला. सडकी मासळी आणि पाखरांची ओली विष्ठा. विहिरी कोरड्या ठणठणीत, समुद्र चारशे किलोमीटर लांब. आमच्या दारातलं लिंबाचं झाड विष्ठेनं पांढरं झालं होतं. पाखरू एकही दिसलं नाही.

ओसरीवर रेवणप्पा ताटावर बसून आंबा चोखत होता. रस कोपरापर्यंत ओघळलेला.

"वास येत न्हाई तुला, अण्णा?"

"येतोय की. सवय झाली." त्यानं कोय पुन्हा तोंडात घातली. मी नाकाला रुमाल लावला.

माझ्या पेनाचं विचारलं तर म्हणाला, "त्याच दिशी टेकाडावर गेल्तो. तिथंच पडलं आसंल."

टेकाडाच्या जागी खड्डा होता. काठावर मुकादम व्यंकट उभा होता. खणताना मधे मधे मातीचे खुंट ठेवतात, त्यांच्या उंचीवरून किती खोल खणलं त्याचं माप घेतात आणि मग ते पाडतात. इथले खुंट पडत नव्हते.

"आमी चार ठेवल्ते सर," व्यंकट म्हणाला. "आता बघा."

खड्डाभर खुंट होते. तांबड्या मुरमात पांढरे, खडबडीत. माझ्या पुस्तकातल्या छायाचित्रात होते तसे.

फक्त हे टोकदार नव्हते. प्रत्येकाची उंची मांडी घालून बसलेल्या बाईएवढी होती.

"अव्वाची जागा कुठली?"

व्यंकटनं एक मोडकं बूड दाखवलं. "एवढा एकच निघाला. पहिलाच. मुरमासंगं लातूरला गेला."

"ती जागा सोडायची होती."

"कागदात तसं न्हाई, सर. तुमची सही हाय."

रेवणप्पा मागं उभा राहून बोटं चाटत होता. मला त्याची शिसारी आली. मग आठवलं, सही माझीही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी लातूरला नव्या जिल्हा कचेरीत गेलो. शिवलिंग नावाचा कारकून भला माणूस होता. त्यानं आमच्या सहीचा कागद काढला.

"वाटणी झाली न्हाई ना? मग एका भावानं सही मागं घेतली तरी काम थांबतंय. अर्ज टाइप करून दितो मी. सही करा."

त्यानं अर्ज टाइप करून पुढं सरकवला. मी खिसा चाचपला. पेन नव्हतं.

"त्या दगडावर एक हाय," तो म्हणाला. "आमच्या कुणाला निघंना. तुमी बघा."

बाहेर उन्हाळी वारं सुटलं होतं. तरी दार आपटत नव्हतं. दाराला पांढरा दगड लावला होता.

मी वाकलो. तोच वास.

दगडाच्या वरच्या अंगाला डाव्या तळव्याएवढा खळगा होता. इष्टलिंग नव्हतं. माझं हिरवं पेन होतं, बोटांसारख्या चार उंचवट्यांखाली दाबलेलं.

मी हात पुढं केला.

उंचवटे सैल झाले.

पेन मोकळं झालं. त्याच्या निबेवर शाई ओली होती.

मी हात मागं घेतला. "उद्या येतो," असं काहीसं बोलून अर्ज घेऊन बाहेर पडलो आणि नांदेडची एसटी धरली.

मी परत गेलो नाही. अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे, बिनसहीचा. पुस्तकही तिथंच थांबलं.

परवा चाकूरहून पोस्टकार्ड आलं. खुंट आपसूक पडले, असं त्यात होतं. मुरूम सगळा गेला, आता काळजी करू नको, जेवत जा.

अक्षर वेडंवाकडं होतं, पहिल्यांदाच लिहिल्यासारखं, शाई हिरवी. खाली सहीच्या जागी अंगठा उठवलेला होता.

रेवणप्पाला सही येते.