बाराशे मीटर खालचा रंग

रंगवाली बर्फाळ समुद्रात निघाली होती ती एका माशाला बघायला, आणि त्या माशाला ती गेली तेरा वर्षं सवत म्हणत आली होती.

रंगवाली म्हणजे भिंतींचे रंग कालवून देणाऱ्या दुकानातली बाई. गिऱ्हाइकाने उशीचा अभ्रा आणो की फुटक्या कपाचा तुकडा, ती डोळे बारीक करून बघायची आणि नेमका तोच रंग डब्यात भरून द्यायची. तिचा हात कधी चुकला नाही. चुकला तो फक्त घरी. तिचा नवरा माशांची चित्रं काढायचा. थंड समुद्रातल्या माशांचं जाडजूड पुस्तक त्याने हाती घेतलं होतं. दोनशे सहा मासे रंगवून झाले आणि एक अडून बसला. तो त्याने आयुष्यात एकदाच, बोटीवर, जिवंत पाहिला होता. वर आल्यावर चार-पाच मिनिटांत त्याचा रंग उडतो आणि मागे उरतो राखाडी गोळा. तसे तीन गोळे संग्रहालयाच्या बरण्यांत होतेच. बोटीवर काढलेल्या फोटोत नुसता तांबूस चिखल दिसायचा. मग तो बायकोला म्हणायचा, "कालव ना." ती कालवायची. तो बघून मान हलवायचा. "हा नाही."

"मग कसा होता, सांग तरी."

त्यावर तो पुन्हा पेन्सिल उचलायचा. अकरा वर्षं हेच चाललं. मग तो गेला. त्यालाही आता दोन वर्षं झाली होती. पुस्तकातलं ते पान पेन्सिलीच्या रेघांवरच राहिलं, आणि परवा छापखान्याचा निरोप आला, की महिन्याभरात रंग द्या, नाहीतर ते पान गाळून टाकतो. ते पान गळालेलं तिला सहन होणार नव्हतं. त्याने केलेलं काहीच आता गळायला नको होतं.

तिची नणंद त्याच संग्रहालयात माशांची अभ्यासक. तिनेच बोट ठरवली. बोटीवर एक खडूस कप्तान होता आणि खाली इंजिनाशी एक मिस्त्री, जो जेवणापुरता वर यायचा. कप्तानाने पहिल्याच दिवशी बजावलं, "चार दिवस. पाचव्या दिवशी बर्फ सरकायला लागतो. मग मासा असो नाहीतर देवमासा, मी थांबणार नाही."

दोराला आमिषाचा पिंजरा बांधून बाराशे मीटर खाली सोडायचा, रात्रभर ठेवायचा आणि सकाळी यंत्राने वर ओढायचा. पहिल्या दिवशी उंदरासारख्या निमुळत्या शेपटीचे मासे आले. वर येताना त्यांच्या पोटातली हवेची पिशवी फुगून बिचाऱ्यांची आतडी तोंडाशी आली होती. दुसऱ्या दिवशी कडेला दिव्यांची ओळ असलेले बोटभर काळे मासे मिळाले, आणि एक जवळजवळ पारदर्शक मासा, ज्याच्या अंगात लाल रक्तच नव्हतं. नणंद लहान मुलीसारखी हरखली. "वहिनी, इथल्या कितीतरी माशांच्या रक्तातच न गोठण्याचं औषध असतं."

"तेच मी इंजिनात ओततो," कप्तान म्हणाला.

रंगवाली हसली, पण तिचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी तरंगत्या हिमखंडाने दोर कापला. पिंजरा गेला! आता एकच शिल्लक होता.

चौथ्या सकाळी त्यांनी तो शेवटचा पिंजरा ओढायला घेतला. वारा फिरला होता. पांढरे तुकडे एकमेकांना चिकटत बोटीकडे येत होते. इतक्या शांतपणे येत होते की बघणाऱ्याला त्यांची भीती वाटायला वेळच लागावा. दोनशे मीटर दोर उरला आणि यंत्राने मान टाकली. मिस्त्रीने खालून ओरडून सांगितलं की मोटर जळाली.

कप्तानाने कुऱ्हाड उचलली. "तोडतो."

"हाताने फिरवू," नणंद यंत्राच्या दांड्याला लटकत म्हणाली. "अर्धा तास द्या, काका."

"वीस मिनिटं." त्याने कुऱ्हाड टाकली आणि दुसरा दांडा धरला.

चाक फिरलं. थांबलं! दोरावर बर्फाचं कवच चढलं होतं. कुणीतरी ते खरवडत राहिल्याशिवाय दोर चाकावर बसणार नव्हता, आणि हातमोजा चाकात अडकला तर हातच जायचा. रंगवालीने मोजे काढले.

"वहिनी, नको. तुझ्या हातासाठीच तर तुला आणलंय. मासा आल्यावर कालवणार कोण?"

"मासा आला तर ना."

तिने उघड्या बोटांनी ओला दोर धरला. खरवडला. चाक फिरलं. पुन्हा खरवडला! पन्नास मीटर. नखांतून रक्त आलं आणि ते दुखेनासंही झालं. शंभर. बोटीच्या अंगाला पहिला हिमखंड घासला आणि सगळी बोट कण्हली. दीडशे! कप्तान शिव्या देत होता, पण दांडा सोडत नव्हता. पाणी फुटलं आणि पिंजरा वर आला.

आत एकच मासा होता. वीतभर लांब, मऊ, बिनखवल्यांचा, मोठ्या डोक्याचा. जिवंत.

नणंदेने तो गार पाण्याच्या परातीत सोडला. रंगांच्या नळ्या, कागद, कुंचले, सगळं मांडून ठेवलेलंच होतं. रंगवालीने कुंचला उचलला आणि तो पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. बोटं लाकडाची झाली होती. मग तिने नाद सोडला, गुडघ्यांवर बसली आणि नुसती बघत राहिली.

खाली त्या काळोखात तांबडा उजेड पोहोचतच नाही. या माशाचा रंग तिथे कुणालाच दिसत नाही, त्याच्या जोडीदाराला नाही, त्याला स्वतःलाही नाही. इतकी वर्षं जी सवत वाटली, ती ही. तिने दुकानात बघायची तसे डोळे बारीक केले. तांबडा तीन भाग. त्यात जांभळा थोडा. काळा नव्हेच, इथेच ती अकरा वर्षं चुकत आली होती. काळ्याच्या जागी गडद हिरवा, नखाच्या टोकाएवढा. ती मनातल्या मनात घोटत राहिली आणि शेपटीकडून राख चढू लागली.

"बरणी आणते," नणंद म्हणाली.

"नको गं. राखाडी तीन आहेत तुझ्याकडे. याला जाऊ दे."

नणंदेने तिच्या हातांकडे पाहिलं. "याच्या पोटात हवेची पिशवी नसते," ती हळूच म्हणाली. "जगेल कदाचित." तिने परात कडेवरून कलती केली. मासा क्षणभर तरंगला आणि सरळ खाली गेला. कप्तानाने बोट वळवली. दोन हिमखंडांमधल्या फटीतून, दोन्हीकडे घासत, ते कसेबसे निसटले!

बोटं बरी व्हायला तीन आठवडे लागले. हात वळायला लागल्यावर रंगवाली घरी, स्वयंपाकाच्या टेबलाशी बसली आणि तिने एका दमात रंग कालवला. तांबडा, जांभळा, नखभर हिरवा. नणंदेने वाटी उचलून उजेडाकडे धरली. "तोच आहे, वहिनी."

कप्तानाला मुद्दाम बोलावलं होतं. तो खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला होता. त्यानेही मान डोलावली. "तोच. शंकाच नाही."

तिने पान रंगवलं आणि छापखान्यात पोचतं केलं. परत आली तेव्हा वाटीत थोडा रंग उरला होता. तो फेकवेना. तिने वाटी टेबलाच्या पलीकडे, तो बसायचा त्या बाजूला सरकवली. आपण वेडेपणा करतोय हे तिला कळत होतं. रंग बरोबर होता, दोघांनी सांगितलं होतं, तिचं स्वतःचं मनही सांगत होतं. पण ज्याच्या तोंडून "हाच" ऐकायला ती अकरा वर्षं कालवत आली होती, त्याची खुर्ची रिकामी होती. वाटीतला रंग वाळून त्याला तडे जाईपर्यंत ती तिथे बसून राहिली.