निरोपाचा तास

लकाकी दिसली की औषधं थांबतात आणि निरोप सुरू होतो, हे एव्हाना मिरजेतल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. त्यामुळे दिगंबर फाटकांच्या मेंदूचं चित्र पडद्यावर आलं आणि कडेकडेने पांढरी रेघ चमकली, तेव्हा त्यांच्या बायकोला, कुमुदला, समजावून सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. तरी डॉक्टर नाझनीन मुजावरने सांगितलं.

"काकू, कपाटातल्या एका साडीची घडी चुकली आणि तिला खेटलेल्या साडीनेही आपली घडी मोडून तशीच चुकीची घालून घेतली तर? मग तिच्या शेजारची, मग तिच्या. मेंदूतलं एक प्रथिन असंच वागायला लागतं. त्या बिघडलेल्या प्रथिनाला प्रायॉन म्हणतात. जिथे घड्या मोडतात, तिथे आमच्या यंत्राला लकाकी दिसते."

"आणि इस्त्री?"

"ती अजून कुणाला सापडलेली नाही."

"यंत्र चुकत असेल."

"यंत्र चुकत नाही, काकू."

चुकत नाही, म्हणूनच तर निरोपाच्या तासाची प्रथा निघाली होती. रोग्याला थोडंफार कळतंय तोवर घरच्यांनी बंद खोलीत त्याच्याजवळ बसायचं आणि मनातलं सगळं बोलून टाकायचं. बोललेलं त्याच्याजवळ टिकणार नसतं. मागे राहणाऱ्यांची मनं मात्र हलकी होतात. बहुतेक जण रडत. कुमुद रडली नाही.

"अहो, तुमच्या कॅसेटी दिल्या भंगारात," ती म्हणाली. "सगळ्या. किलोवर."

दिगंबर चादरीची दशी ओढत भिंतीकडे बघत होते.

"उरुसाला आलेला एकेक गवई घरी आणलात. मी चहा टाकायचा, तुम्ही त्यांचं गाणं उतरवून घ्यायला टेप लावायचा. एकदा मी आतून सूर धरला, तर सगळ्यांदेखत म्हणालात, कपबशीचा आवाज चालेल, हिचा नको. गवई हसले. मीपण हसले. लग्नाआधी गात होते हो मी. कधी विचारलंत? बरं झालं जाताय. घर जरा शांत होईल."

बाहेर आल्यावर तिला खरंच हलकं वाटलं. त्या दिवशी ती दोन घास जास्तच जेवली.

पुढच्या आठवड्यात नाझनीनने तिला बोलावून घेतलं.

"काकू, लकाकी एका बाजूने विझतेय! प्रायॉनची लकाकी पसरते, विझत कधीच नाही. म्हणजे घड्या शाबूत आहेत. रोगांशी लढणारे शरीराचे पहारेकरीच चुकून काकांच्या मेंदूवर तुटून पडलेत. सूज आहे ती. यंत्राला दोन्ही सारखंच दिसलं. यावर इंजेक्शनं आहेत, पण आजच द्यायला हवीत. सूज आता श्वास चालवणाऱ्या भागाकडे सरकलीय. लकाकी नोंदली गेली की घरच्यांच्या होकाराशिवाय औषध देता येत नाही, कायदाच तसा आहे. तुम्ही फक्त हो म्हणा."

"बरे होतील?"

"अगदी पूर्वीसारखे."

"आणि आठवण?"

"तीही येईल! आत गेलेलं आतच असतं, बाहेर यायची वाट तेवढी सुजून बंद झालेली असते. मधल्या दिवसांतलंसुद्धा आठवेल त्यांना."

कुमुदने पदर सारखा केला.

"यंत्र चुकत नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"माझं चुकलं, काकू."

"मग आत्ता चुकत नसाल कशावरून?"

नाझनीनने दिगंबरांच्या खोलीचं दार उघडून धरलं. "मी इथेच थांबते," ती हळूच म्हणाली. "दारातून नुसती मान हलवलीत तरी चालेल."

कुमुद खोलीत गेली. दिगंबरांची नजर आज भिंतीवर नव्हती, दारावर होती. त्यांचे ओठ हलले. ती वाकली.

"गा," ते म्हणाले. चिखलात रुतलेला पाय उपसावा तसा तो शब्द निघाला. "मी... टेप लावतो."

जन्मभर ज्या शब्दाची वाट पाहिली तो आला होता. पण गाण्याचं आठवलं, म्हणजे भंगाराचंही आज ना उद्या आठवणार.

बाहेर नाझनीन उभी होती. कुमुदने तिच्याकडे पाहिलं आणि मान न हलवताच दार लावून घेतलं. खुर्ची पलंगाजवळ ओढली, घसा साफ केला आणि ती गाऊ लागली.

दिगंबरांनी चादरीवर एक बोट दाबून धरलं होतं, टेपचं बटण दाबावं तसं.