काकांचे व्हिडिओ

"माझ्याकडे बघून बोला," खुर्चीत बसता बसताच त्या बाई म्हणाल्या. "कानाला यंत्र लावलंय, पण नवंच आहे, गेल्या आठवड्यातलं. माणसांपेक्षा पंख्याचाच आवाज जास्त येतो."

धाकटीने उठून पंखा बंद केला.

ती घरातली सर्वांत लहान, म्हणून धाकटी. आता केस पिकले होते, खासगी तपासाच्या कामात तिचा दबदबा होता आणि त्या नावाने हाक मारणारे एकटे भावोजीच उरले होते. थोरली बहीण गेल्यापासून भावोजी रोज सकाळी तिच्या ऑफिसात येऊन बसत. मदत करायला, असं ते म्हणत.

"काय चोरीला गेलं?" भावोजींनी विचारलं.

"व्हिडिओ."

बाई वेताच्या खुर्च्या विणत. फाटलेली बैठक काढायची, वेत भिजवायचा, नवी विणायची. मुलाने परदेशी जाण्याआधी दुकानाचं ऑनलाइन पान उघडून दिलं होतं. नवरा फोन धरायचा, त्या विणायच्या. संगीत नाही, सजावट नाही. हात, वेत आणि शेवटी तयार झालेली खुर्ची. एवढ्यावर लांबलांबून माणसं येऊ लागली.

"मागच्या वर्षी हे गेले. एकाएकीच. त्यानंतर पानावर नवीन काही टाकलं नाही, तरी गिऱ्हाईक येतच होतं. गेल्या आठवड्यात एका बाईंनी पानावर विचारलं, 'काकांचे व्हिडिओ कुठे गेले?' बघते तर निम्मे गायब."

"व्हिडिओत दिसतं कोण?" धाकटीने विचारलं.

"मीच. दुसरं कोण दिसणार?"

"आणि त्या बाई काकांचे व्हिडिओ म्हणाल्या."

"काकांनी काढले म्हणून काकांचे," भावोजी म्हणाले. "त्यात काय एवढं?"

धाकटी बाईंकडे वळली. "तुमचे यजमान काढताना बोलायचे का काही?"

"छे! तोंडाला कुलूप. मी मान वर केली की हसायचे फक्त. लोक मात्र भरभरून लिहायचे. 'काळजी करू नका, आम्ही येणारच.' एवढी माणसं एका खुर्चीसाठी इतकं अगत्य दाखवतात, याचं नवल वाटायचं मला."

पानाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, तिघांकडे होती: मुलाकडे, नणंदेकडे आणि एका जाहिरातवाल्याकडे. बाई निघून गेल्यावर धाकटीने उरलेले सगळे व्हिडिओ आवाज मोठा करून ऐकले. वेताची करकर, रस्त्यावरचा हॉर्न, कुठे एखादा खोकला. बस्स.

"माणूस खरंच अबोल होता," भावोजी म्हणाले.

"यांत तरी," धाकटी म्हणाली.

जाहिरातवाल्याचं ऑफिस काचेचं होतं. तो भेटला तोच कपाळाला आठ्या घालून.

"मी त्यांना सरळ सांगितलं होतं, हे सगळं काढा, आपण नव्याने करू. उजेड धड नाही, मागे पसारा, त्यात कुणीतरी सतत पुटपुटतंय. म्हटलं, त्यावर मस्त संगीत टाकू. बाई म्हणाल्या, आहे तसंच राहू दे. राहू दे तर राहू दे! मी कशाला काढू? आणि काढायचेच असते तर सगळे नसते काढले?"

"पुटपुटणारा काय म्हणत होता?"

"कोण ऐकतं हो! आम्ही दोन सेकंदांत पुढे सरकवतो."

बाहेर पडताच भावोजी म्हणाले, "हाच तो. चरफडतोय बघ अजून."

"चरफडतोय खरा. पण ज्याने ऐकलंच नाही, तो निवडून काय काढणार?"

मुलाला फोन लावला. तिकडून थकलेला आवाज आला. "बाबा गेल्यापासून मी ते पान उघडलेलं नाही. बघवत नाही मला. आईला म्हणतोय दुकान बंद कर, इकडे ये. ऐकत नाही."

"आता ऐकू येईल त्यांना. यंत्र बसवलंय."

"यंत्र? कधी? मला कुणी सांगितलंही नाही. मी आपला अजून मेसेजच पाठवतोय तिला."

दुकानाच्या मागच्या खोलीत नणंद भेटली. काडीसारखी बारीक, पण बोलण्यात खमकी. लग्न केलं नव्हतं. आयुष्य भावाच्या घरी काढलेलं. गिऱ्हाइकांचे फोन घेणं, खुर्च्या बांधून पाठवणं, सगळं तीच बघायची.

"गेले ते गेले. फोनचाच काहीतरी बिघाड असेल," ती दोरीची गाठ आवळत म्हणाली. "वहिनी उगाच जिवाला लावून घेते."

"कसे होते ते व्हिडिओ?"

"कसे असणार! दादा बोलत बसायचा, फोन हलायचा. विणकाम धड दिसायचंसुद्धा नाही."

"वहिनींच्या यंत्राचं कुणी मनावर घेतलं?"

"मीच. वर्षभर मागे लागले होते. शेवटी ओढत नेलं." तिच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं आणि गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघं दुकानात बसली. कोपऱ्यातल्या टबात वेत भिजत पडला होता. धाकटी बाईंच्या अगदी समोर बसली, म्हणजे त्यांना तिचे ओठही दिसावेत.

"कुणी काढले ते मला कळलंय. पण त्याआधी विचारते, कारणही ऐकायचंय का? ते ऐकणं सोपं नाही."

नणंदेचे हात थांबले.

"सांगा," बाई म्हणाल्या.

"राग असता तर सगळे व्हिडिओ गेले असते. गेले ते निवडून. उरले त्यांत माणसाचा आवाज नाही. जाहिरातवाला म्हणतो, मागे कुणीतरी पुटपुटतं. म्हणजे गेले ते बोलणारे. फोनमागचा माणूस दिसत नव्हता, तरी लोक त्याला काका म्हणत. कारण तो त्यांच्याशी बोलत होता."

"हे? नाही हो. मी समोरच असायचे."

"मान खाली घालून. तुम्ही वर पाहिलंत की ते हसायचे, गप्प व्हायचे. आणि लोक लिहायचे, काळजी करू नका. भावोजी, खुर्ची दुरुस्त करून हवी असलेला माणूस दुकानदाराला असं लिहील?"

भावोजींनी मान हलवली. "काळजी दुकानदारालाच असणार. पण कसली?"

"ते मला ठाऊक नाही. एवढंच कळतं, की ती बाईंना कळू नये म्हणून कुणीतरी धडपडलं. बाईंना ऐकू येत नव्हतं तोवर धोका नव्हता. यंत्र आलं, आणि त्याच आठवड्यात व्हिडिओ गेले. यंत्राचं मुलाला माहीतच नव्हतं. जाहिरातवाल्याने एक वाक्य धड ऐकलेलं नाही. 'दादा बोलत बसायचा' असं मला एकाच माणसाने सांगितलं."

बाई वळल्या. "वन्सं?"

नणंद पदराने तोंड पुसून म्हणाली, "तुला काही कळू द्यायचं नाही, असा दादानं शब्द घेतला होता माझ्याकडून. तो गेल्यावर या घरात मी बोलायचे आणि माझं मीच ऐकायचे. तू आपली विणत असायचीस. कुणीतरी बोलायला हवं म्हणून मीच यंत्राचा हट्ट धरला गं. आणि ते आलं तेव्हा डोक्यात उजेड पडला, की आता ही दादाचं ते बोलणं ऐकणार! पण कायमचे पुसले नाहीत मी. माझ्या फोनमध्ये आहेत सगळे."

"लाव."

पडद्यावर बाईंचेच हात आले, वेत ओढणारे. मागून एक खरखरीत, दमलेला आवाज आला. "हिला ऐकू येत नाही, म्हणून बोलतो. माझं दुखणं बरं होण्यातलं नाही. हिला सांगितलेलं नाही. हिचं काम बघा, चांगलं वाटलं तर खुर्ची घेऊन या. मी नसलो तरी येत जा हो. एकटी पडेल ती."

पडद्यावरच्या बाईंनी मान वर केली. आवाज थांबला.

"हे कोण म्हातारं?" बाई म्हणाल्या.

"दादाच गं," नणंद म्हणाली.

"मला ऐकू यायचं तेव्हा यांचा आवाज असा नव्हता. यांचा भरदार होता. दारातून हाक मारली तर गल्लीला ऐकू जायची." त्यांनी कानामागे हात नेला, यंत्र चाचपलं. "पुन्हा लाव."

नणंदेने पुन्हा लावला. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळेला बाईंनी डोळे मिटून घेतले.

"एकाएकी गेले म्हणून मी देवाला बोल लावला," त्या म्हणाल्या. "आणि हे परक्यांना रोज सांगत होते. मी हातभर अंतरावर." त्यांचा आवाज चढला. "म्हणजे लोक माझ्या कामासाठी येतच नव्हते. दया आली म्हणून येत होते."

"काही तसे आले असतील," धाकटी म्हणाली. खोटा दिलासा तिला जमत नसे. "सगळेच का, ते मला शोधून सांगता येणार नाही."

बाई उठल्या. टबातला वेत उगाच खालीवर केला आणि ओले हात तसेच ठेवून वळल्या.

"वन्सं, सगळे परत टाका पानावर."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकांना केव्हापासून माहीत आहे. मलाच माहीत नव्हतं. आणि आता फोन धरा. मी बोलते."

नणंदेने फोन धरला. बाईंनी पदर नीट केला, केस मात्र तसेच राहू दिले.

"मी खुर्च्या विणणारी," त्या जरा मोठ्यानेच म्हणाल्या. "आता मला ऐकू येतं. यांनी तुम्हाला काय सांगितलं, ते आज कळलं. तुम्ही आलात, उपकार झाले. पण यापुढे माझ्यासाठी येऊ नका. ज्याची खुर्ची खरंच मोडली असेल, त्यानेच यावं. चांगली विणून देईन."