चढावरचा बंब

"दार लावा आधी!" हेस्टर ओरडली, पण उशीर झाला होता. वाऱ्याबरोबर तिच्या हातातला सोन्याचा वर्ख उडाला आणि दारातल्या उंच माणसाच्या मिशीला जाऊन चिकटला.

"आमच्या कर्कबेकला पाहुण्याला नुसता चहा देतात," तो म्हणाला. "इथे सोन्याने मढवतात वाटतं?"

"हलू नका..." ती मऊ ब्रशने वर्ख टिपू लागली. त्याचा श्वास तिच्या मनगटाला लागला आणि हात उगीचच हळू झाला.

हा रोलंड थ्वेट. उत्तरेकडच्या डोंगरातून आपल्या गावचा आगीचा बंब न्यायला आलेला.

हेस्टरच्या आजोबांनी सायकली जोडता जोडता हा कारखाना उभा केला होता. आता वडील आणि काका बस आणि बंब बांधत. या पेनफोल्ड घराण्याची रीत अशी, की गावाने आपला चालक पाठवायचा. त्याने भरल्या टाकीनिशी मागच्या चढावर गाडी मध्येच थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा चढवून दाखवायची, तरच बंब न्यायचा. आणि बंबावर गावाचं नाव सोन्यात उमटवायचं, ते अगदी शेवटी. ते काम हेस्टरचं.

रोलंड रोज चढावर गाडी बंद पाडायचा आणि रोज संध्याकाळी रंगाच्या शेडमध्ये चहा घेऊन यायचा.

"आज जमलं?"

"छे! तुमची अक्षरं?"

"वर्खाखालचं रोगण वाळत नाही... हवा दमट आहे."

एके सकाळी बाबा आत आले. "पोरी, नदीकाठचं गवतसुद्धा वाळून कडकडीत झालं. दमट हवा काय ती तुझ्याच शेडमध्ये राहिली? तिकडे त्या गावात माणसं अजून हातपंप ओढताहेत."

हेस्टरची मान खाली गेली. खरंच होतं ते. दुपारपर्यंत तिने शेवटचं अक्षर घासून चमकवलं. आता तो जाणार...

चढावर बंब पुन्हा बंद पडला होता. ती सरळ जाऊन रोलंडच्या शेजारी बसली.

"नाव लिहून झालं."

"झालं?" त्याचा चेहरा उतरला.

"गाडी तेवढी तुम्हाला जमेना."

"सात वर्षं डोंगरात दुधाची लॉरी चालवलीय मी."

"मग हे रोज—?"

"तुमचं रोगण वाळेना. म्हटलं, आपण तरी घाई कशाला करा?"

हेस्टर लाजली, मग खो-खो हसली. त्याने गिअर टाकला आणि बंब लोण्यातून सुरी जावी तसा चढ चढून माथ्यावर आला. तिथे मात्र रोलंडचे शब्द अडले.

"आमच्या गावाहून इकडे येणारी बस... ती पेनफोल्डांनीच बांधलेली आहे. म्हणजे... कुणाला माहेरची आठवण आली, तर थांब्यावर जाऊन उभं राहायचं, की झालं."

"हे मला विचारताय, की बाबांना?"

"आधी तुम्हाला."

हेस्टरने खाली कारखान्याकडे पाहिलं. बाबा फाटकात कमरेवर हात ठेवून उभे होते.

"मग वळवा गाडी," ती म्हणाली. "माझा होकार झाला. आता बाबाच राहिले."