टाकीतलं गाणं

"उद्या कार्यक्रम आहे आणि तुम्ही अजून 'ग'वरच घसरताय!" आसावरीनं पेटीवरचे हात उचलले आणि मोठ्या बाईंसारखं वर्गाकडे रोखून बघितलं.

कळसच्या प्राथमिक शाळेत सुट्टीतलं गाण्याचं शिबिर चाललं होतं. शिकवायचं होतं विमलबाईंनी. पण त्यांच्यामागे शाळेची शंभर कामं. म्हणून त्यांनी पेटी बारामतीहून आलेल्या भाचीच्या हवाली करून टाकली. आसावरी सातवीतली, गाण्याच्या क्लासला जाणारी. पांढऱ्या पट्ट्यांवर सा, रे, ग, म लिहिलेले कागद चिकटवून तिनं थाटात शिकवायला सुरुवात केली. धाकटा भाऊ केयूर तिला 'पंडिताबाई' म्हणून चिडवायचा.

अडचण एकच होती, तिसरीतली छकुली. ती तोंड उघडायची ती भलत्याच उंच सुरात. पहिल्याच दिवशी आसावरी वैतागून म्हणाली, "तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस." पोरं फिदीफिदी हसली. तेव्हापासून छकुली इमानानं ओठ हलवत होती.

दुपारी सगळे घरी गेले. आसावरी, केयूर आणि गावातला त्यांचा दोस्त नागेश पताका लावत होते. एकदम नागेश थबकला.

"आयकलं का? कोन तरी गातंय."

गाणं शिबिरातलंच होतं. कुठून तरी घुमत येत होतं आणि सुरेल तर इतकं, की आसावरी पताका लावायची विसरली.

"आपल्यातलं कोणी असेल," केयूर म्हणाला.

"छे! सगळ्यांचे आवाज पाठ आहेत मला. हा मी कधीच ऐकलेला नाही."

आवाजाचा माग काढत तिघं शाळेमागच्या पाण्याच्या टाकीपाशी पोचली. टाकी अर्धी जमिनीत पुरलेली, चार दिवस धुण्यासाठी रिकामी केलेली. गावाला पाणी सोडणारे संभाजी तात्या नुकतेच टाकीत पाणी सोडायचा कॉक फिरवून मोबाईलवर बोलत बसले होते. शिडी बाहेर भिंतीला टेकवलेली होती.

"तात्या, टाकीत कोणी आहे का?"

"टाकीत कोन आसतंय? आत्ताच शिडी काढली म्या. कुनाचा तरी मोबाईल वाजत आसंल."

"आत बघितलं होतं का तुम्ही?"

"रोज काय बघायचं त्यात? जावा, खेळा तिकडं."

आत पाणी पडत होतं. गाणं थांबलं नव्हतं, पण आता थरथरत होतं. वाद घालायला वेळ नव्हता. केयूर निरागस चेहऱ्यानं म्हणाला, "तात्या, बाईंनी चहाला बोलावलंय. भजी पण आहेत."

तात्या भजीच्या नावानं तरातरा निघाले. ते वळताच नागेशनं दोन्ही हातांनी कॉक बंद केला. आसावरीनं आणि केयूरनं शिडी ओढत आणून टाकीच्या तोंडातून आत सोडली आणि वाकून बघितलं.

कमरेएवढ्या पाण्यात छकुली उभी होती. कुडकुडत गात होती.

"हाका मारल्या की म्या," वर आल्यावर ती म्हणाली. "तात्या वरनं म्हनलं, 'दंगा करू नगा रं पोरांनो.' मग गानंच लावलं."

"पण उतरलीस कशाला आत?"

"रोज उतरते. हितं म्हनलं तर कोन हसत न्हाय."

आसावरीचा चेहरा लाजेनं तापला. या पोरीचा आवाज तिनं कधी नीट ऐकलाच नव्हता, कारण तो तिनंच बंद केला होता. आणि छकुली बेसूर नव्हतीच. तिला वरची पट्टी, म्हणजे उंच 'सा', हवी होती, एवढंच.

बघता बघता गाव गोळा झालं. छकुलीच्या आजोबांनी, गेणबा आबांनी, आसावरीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, तू आवाज वळकलास म्हनून माजी नात वाचली." विमलमावशीनं पाठ थोपटली. संभाजी तात्या मान खाली घालून उभे होते. आसावरी गप्प राहिली असती तरी चाललं असतं.

"आबा, मी नाही ओळखला," आसावरी म्हणाली. "मीच तिला गप्प बसवलं होतं. तिचा सूर बरोबर होता. मला 'सा'चा कागद चिकटवलेली पांढरी एक सोडून दुसऱ्या पट्टीत वाजवता येत नाही. ते सांगायची लाज वाटली, म्हणून तिला गप्प केलं."

 

"एकदा तरी मी येऊन ऐकायला हवं होतं," विमलमावशी हळूच म्हणाली.

"चुकलं ते चारचौघांत बोललीस, पोरी," आबा म्हणाले. "लई मोटं काम केलंस."

दुसऱ्या दिवशी आसावरीनं गाण्याची चाल वाजवलीच नाही. छकुलीचा 'सा' शोधून तिनं काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, दाबली आणि गाणं संपेपर्यंत तेवढी एकच पट्टी धरून ठेवली. छकुलीनं सुरुवात केली आणि मागून सगळा वर्ग गायला लागला. पहिल्या रांगेत आबा शेजाऱ्याला म्हणाले, "आमची छकुली आशी गाती, हे मला बी ठावं न्हवतं."

टाळ्या थांबेनात. छकुली आसावरीकडे वळली. "ताई, आनखी एकदा म्हनू का?"

पोर अजूनही परवानगी मागत होती. आसावरीला टाकीपाशी वाटली नव्हती एवढी लाज आता वाटली.

"मला विचारायचं नाही, छकुली," ती म्हणाली. "म्हण." आणि तिनं पुन्हा सूर धरला.