मेश्राम सिस्टरांनी लिहिलेली ओळ

चंद्रपूरच्या आबांना हर्णैच्या दवाखान्यात कुणीच ओळखत नव्हतं. मग त्यांना कोणतं औषध सोसत नाही, हे तिथल्या डॉक्टरांना कसं कळलं? अकरा वर्षांच्या इरावतीला हे कोडं सुटेना.

तिचे आजोबा, म्हणजे आबा, भूगर्भशास्त्रज्ञ. नातीला किनाऱ्यावरचे खडक दाखवताना त्यांच्या पायाला शिंपला लागला. दोन दिवसांत पाय सुजला, तापाने ते बरळू लागले. इरावतीनेच रुग्णवाहिका बोलावली.

"यांना कुठल्या औषधाची रिअ‍ॅक्शन येते का गं?" डॉक्टर मुकादमबाईंनी विचारलं.

"मला... नाही माहीत." तिला रडू फुटलं.

तोवर शुश्रू या यंत्रमानवाने आबांचा अंगठा काचेवर टेकवला होता. बाईंनी संकेतशब्द देताच पडद्यावर लाल अक्षरं उमटली. त्यांनी हातातली सिरिंज खाली ठेवली. "पेनिसिलीन नको! दुसरं अँटिबायोटिक (जंतू मारणारं औषध) आणा."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तेव्हा इरावतीने शुश्रूला गाठलं.

"पूर्वी फाईल एकाच दवाखान्याच्या कपाटात राहायची," शुश्रू म्हणाला. "आता जुन्या नोंदीही संगणकात असतात. अंगठ्यावरून आबांचा आरोग्य-क्रमांक सापडला आणि चंद्रपूरची नोंद इथे उघडली."

"मग कुणीही ती वाचेल की!"

"छे! एरवी रुग्णाची परवानगी लागते. आबा शुद्धीवर नव्हते, म्हणून बाईंनी आणीबाणीची किल्ली (खास परवानगीचा संकेतशब्द) वापरली. ती कुणी, कधी, कशासाठी वापरली, हेही आबांना पाहता येतं."

"म्हणजे तूच वाचवलंस त्यांना."

"मी फक्त वाचून दाखवलं. लिहिलं कुणी, ते बघ."

अठरा वर्षांपूर्वीची नोंद होती: 'पेनिसिलीननंतर अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकला. पुन्हा देऊ नये. शेवंता मेश्राम, परिचारिका.'

इरावती तेव्हा जन्मलीही नव्हती.

सिस्टरांशी बोलता यावं म्हणून आबांनी चंद्रपूरच्या दवाखान्याला विनंती केली. निवृत्त मेश्राम सिस्टरांना विचारून तिथल्या लोकांनी फोन जोडून दिला.

"सिस्टर, तुमच्यामुळे माझे आबा वाचले," इरावती म्हणाली.

"मला तर ते आठवतही नाहीत गं, बाळा," पलीकडून थरथरता आवाज आला. "वॉर्डात चाळीस पेशंट होते त्या दिवशी. वाटलं होतं, घरी जाताना लिहू. मग म्हटलं, नको, आत्ताच लिहून टाकू."

आबांनी डोळे पुसले. समोर मुकादमबाई त्यांना मानवलेल्या नव्या औषधाचं नाव नोंदवत होत्या. पुढे आबा कुठल्याही गावी गेले, तरी ते तिथे वाचता येणार होतं. इरावती बाईंच्या शेजारी उभी राहून एकेक अक्षर तपासू लागली.